जुन्या फायबरग्लास बाणांमध्ये आट्यांच्या टोकांसाठी इन्सर्ट कसे चिकटवावेत

फायबरग्लासचे पोकळ बाण १९५० ते १९७० या दशकांत मोठ्या प्रमाणावर वापरात होते. पुढे ॲल्युमिनियम आणि त्यानंतर कार्बनच्या बाणांनी त्यांची जागा घेतली, तरी जुन्या धनुष्यांची आवड असलेल्या तिरंदाजांकडे असे बाण आजही चांगल्या स्थितीत सापडतात. त्यांपैकी पुष्कळ बाणांची टोके कायमची चिकटवलेली असतात. सरावासाठी एका वजनाचे आणि स्पर्धेसाठी दुसऱ्या वजनाचे टोक लावायचे असेल, किंवा बोथट झालेले टोक बदलायचे असेल, तर शाफ्टमध्ये, म्हणजे बाणाच्या पोकळ नळीत, आतून आटे असलेला इन्सर्ट बसवावा लागतो. त्यानंतर टोक स्क्रूसारखे फिरवून लावता येते आणि काढताही येते.

या कामात सर्वाधिक चर्चा गोंदाची होते आणि सर्वाधिक दुर्लक्ष नळीकडे होते. ६ मिलिमीटर व्यासाचा आणि २२ मिलिमीटर लांबीचा इन्सर्ट घेतला, तर चिकटणारा पृष्ठभाग चार चौरस सेंटिमीटरहून थोडा अधिक भरतो. नीट तयार केलेल्या पृष्ठभागावर साध्या इपॉक्सी गोंदाची पकड दर चौरस सेंटिमीटरला १०० किलोग्रॅम धरली, तरी हिशेबाने हा जोड ४०० किलोग्रॅमच्या आसपास ओढ सहन करील. हाताने ओढून किंवा लक्ष्यातून बाण उपसून एवढा जोर कधीही लागत नाही. तरीही इन्सर्ट निघून येतात, कारण पृष्ठभाग तेलकट किंवा गुळगुळीत राहिलेला असतो. आणि बाण फुटतात, कारण जोड करताना नळी तापवलेली, ठेचलेली किंवा वाकडी कापलेली असते. म्हणून पुढे सांगितलेल्या पद्धतीत गोंद लावण्याला थोडा आणि त्याच्या आधीच्या तयारीला बराच वेळ जातो.

शाफ्ट वापरण्यायोग्य आहे का

इन्सर्ट विकत घेण्यापूर्वी प्रत्येक शाफ्ट तपासावा. कापसाचा मोठा बोळा शाफ्टवरून टोकापासून मागच्या नॉकपर्यंत, म्हणजे दोरीत अडकणाऱ्या खाचेच्या तुकड्यापर्यंत, हळूहळू फिरवावा. जिथे कापसाचे धागे अडकतात तिथे काचेचा तंतू वर आलेला असतो. वर्षानुवर्षे उन्हात राहिलेल्या शाफ्टवरील रेझिनचा पातळ थर झिजून तंतू उघडे पडतात आणि पृष्ठभाग खडूसारखा पांढरट दिसतो. असा दोष केवळ वरवरचा असेल तर पाण्याने ओला केलेला बारीक पॉलिश पेपर फिरवून आणि वर लाखेचा पातळ हात देऊन काम भागते. याउलट, आतून उमटलेला पांढरा डाग किंवा पट्टा म्हणजे थर सुटल्याची खूण असते आणि तो शाफ्ट बाजूला काढावा.

त्यानंतर डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड हातमोजे घालून शाफ्ट दोन्ही टोकांना धरावा, हलकासा वाकवावा आणि वाकवलेल्या स्थितीतच थोडा थोडा फिरवत कानाजवळ ऐकावा. करकर किंवा टिकटिक असा आवाज आला, तर चीर दिसत नसली तरी ती आहे असेच समजावे. चिरलेला बाण दोरी सुटताच मोडू शकतो आणि त्याचे तुकडे धनुष्य धरलेल्या हातात घुसू शकतात, त्यामुळे या एका बाबतीत संशयाचा फायदा बाणाला देऊ नये.

शाफ्ट पोकळ आहे ना, हेही आधीच पाहावे. माशांच्या शिकारीसाठी वापरले जाणारे फायबरग्लासचे बाण बहुधा भरीव असतात. त्यांच्यात इन्सर्ट बसतच नाही, त्यांवर टोक बाहेरून टोपीसारखे चढवावे लागते.

जुने टोक काढणे

फायबरग्लासमधील काच उष्णतेला सहज दाद देत नाही, परंतु काचेला धरून ठेवणारे रेझिन देते. जुन्या शाफ्टमध्ये कोणते रेझिन आहे आणि ते किती तापमानाला मऊ पडेल हे बाहेरून पाहून कळत नाही. म्हणून एकच नियम पाळावा: ज्योत शाफ्टला कधीही लागू द्यायची नाही, ज्योतीने तापवायचे ते फक्त धातूचे टोक.

पहिला प्रयत्न उकळत्या पाण्याने करावा. टोक आणि त्यामागचा जेमतेम २ सेंटिमीटर भाग गरम पाण्यात अर्धा मिनिट धरावा, कोरड्या कापडाने पुसावा आणि पकडीने टोक धरून सरळ रेषेत, किंचित पीळ देत ओढावे. पाण्याचा मोठा फायदा असा की त्याचे तापमान १०० अंश सेल्सिअसच्या वर जाऊ शकत नाही, त्यामुळे घाईच्या हातूनही नळी करपत नाही. जुना गोंद हॉट मेल्ट जातीचा, म्हणजे गरम केल्यावर वितळणारा, असेल तर तो बहुधा एवढ्यावरच सैल होतो. नसल्यास आणखी दोन-तीन वेळा तेच करावे.

पाण्याने भागले नाही तरच स्पिरिटच्या दिव्याकडे वळावे. जोडाच्या लगेच मागे शाफ्टभोवती ओल्या फडक्याची दोन वेटोळी घट्ट गुंडाळावीत आणि टोकाचा सर्वांत पुढचा भाग काही सेकंद ज्योतीत धरून बाहेर घ्यावा. धातूतून उष्णता मागे सरकायला वेळ लागतो. टोक ज्योतीतच ठेवून वाट पाहत बसले तर ती सरकते तेव्हा गरजेपेक्षा जास्त सरकते. फडक्याच्या पुढे उघड्या राहिलेल्या शाफ्टला बोट लावून पाहावे. बोट ठेववत नसेल तर थांबावे. माणसाचे बोट ६० अंशांच्या आसपास आपसूक मागे येते आणि या कामासाठी तेवढा तापमापक पुरेसा आहे. पकड शाफ्टवर लावू नये, ती फक्त टोकावर लावावी, कारण पातळ नळी ठेचली गेली की तिच्यात उभी चीर पडते आणि ती चीर कोणताही गोंद मिटवू शकत नाही.

मागचा नॉक निघण्यासारखा असेल तर आणखी एक सोपा उपाय आहे. नॉक काढून नळीत आतल्या व्यासापेक्षा थोडी बारीक, जड आणि बोथट लोखंडी सळई सोडावी, टोक गरम करून घ्यावे आणि शाफ्ट उभा धरून वरखाली हलवावा. सळईच्या आतून बसणाऱ्या ठोक्यांनी टोक सरळ बाहेर ढकलले जाते आणि नळीवर बाहेरून कोणताही दाब येत नाही.

एवढे करूनही टोक हलले नाही तर त्याच्या मागे शाफ्ट कापावा लागतो. कापण्यापूर्वी लांबीचा विचार करावा. धनुष्य पूर्ण ओढलेले असताना बाण त्याच्या आधारावरून मागे घसरेल इतका तोकडा झाला, तर तो वापरणाऱ्याच्या हातावर सुटू शकतो. पूर्ण ओढीला बाणाचा पुढचा भाग आधाराच्या पुढे दोन-अडीच सेंटिमीटर उरलाच पाहिजे. तेवढा उरत नसेल तर तो शाफ्ट कमी ओढ असलेल्या तिरंदाजासाठी ठेवावा.

कापणे आणि कड काटकोनात आणणे

फायबरग्लासची नळी पाइप कापण्याच्या चाकाच्या कटरने कापू नये, कारण तो कटर कापण्याआधी दाबतो. जाड दात्यांची करवतही कडेचे तंतू उपसून काढते. वेगाने फिरणारे पातळ घर्षणचाक हे योग्य साधन होय. कापायच्या खुणेभोवती कागदी चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत, चाक स्थिर ठेवून शाफ्ट त्यावर टेकवावा आणि स्वतःभोवती फिरवत फिरवत कापावा, म्हणजे शेवटच्या क्षणी एका बाजूची ढलपी निघत नाही.

या वेळी उडणारी धूळ काचेची असते. बारीक कणांसाठीचा मास्क, चष्मा आणि लांब बाह्यांचे कपडे आवश्यक आहेत; शक्य तिथे पाणी लावून घासावे आणि झाडूऐवजी ओल्या फडक्याने जागा पुसावी. काम संपल्यावर हात आधी थंड पाण्याने धुवावेत आणि पुसताना रगडू नयेत, नाहीतर त्वचेवर बसलेले तंतू आत रुततात आणि दिवसभर टोचत राहतात.

आता कापलेली कड शाफ्टच्या लांबीशी अचूक काटकोनात हवी. इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराची खाच असलेला ठोकळा घ्यावा, त्यात शाफ्ट टेकवावा, समोर सपाट आधारावर ३२० नंबरचा पॉलिश पेपर लावावा आणि शाफ्ट फिरवत कड त्यावर हलकेच घासावी. कडेवर आधी काळ्या मार्करने रंग दिला, तर रंग सगळीकडे सारखा उडाला की कड सपाट झाली हे लगेच दिसते. आतल्या कडेवरील बारीक कूस पॉलिश पेपरच्या गुंडाळीने काढावी, पण तिला उतार देऊ नये.

या काटकोनाला एवढे महत्त्व का, हे थोडे समजून घेणे उपयोगाचे आहे. इन्सर्टच्या पुढच्या भागाला छोटी कॉलर असते आणि ती नळीच्या कडेवर टेकते. बाण लक्ष्यावर आदळतो तेव्हा टोकावरचा धक्का या कॉलरमार्फत नळीच्या संपूर्ण कडेवर पसरला पाहिजे. कड तिरकी असली की कॉलर एकाच बिंदूवर टेकते, सगळा धक्का तिथेच बसतो आणि इन्सर्ट पाचरीसारखा आत घुसू पाहतो. अनेक जुन्या शाफ्टमध्ये बहुतेक काचतंतू लांबीच्या दिशेने घातलेले असतात. त्यामुळे नळी वाकण्याला उत्तम तोंड देते, परंतु आतून फाकवली तर कोयत्याच्या पहिल्या घावाबरोबर बांबू उभा चिरत जावा तशी ती चिरते.

इन्सर्टची निवड आणि माप

जुन्या शाफ्टवर छापलेले क्रमांक निरनिराळ्या निर्मात्यांचे निरनिराळे असत आणि त्यांवरून आतल्या व्यासाचा नेमका अंदाज बांधता येत नाही. व्हर्निअर कॅलिपरने प्रत्येक शाफ्टचा आतला व्यास दोन दिशांनी मोजावा. मापे सारखी नसतील तर नळी किंचित अंडाकार झालेली आहे असे समजावे आणि लहान माप प्रमाण मानावे. एकाच संचातील शाफ्टमध्येही थोडा फरक निघतो, म्हणून शाफ्टवर चिकटपट्टी लावून तिच्यावर क्रमांक आणि माप लिहून ठेवलेले बरे.

आजच्या स्क्रूच्या टोकांचे आटे बहुतेक सर्वत्र ८-३२ या मापाचे असतात. यातील ८ हा व्यासाचा क्रमांक असून तो व्यास ०.१६४ इंच, म्हणजे ४.१७ मिलिमीटर भरतो, आणि ३२ म्हणजे एका इंचात येणारे आटे. जुन्या साठ्यातील इन्सर्ट हाती आले असतील तर नवे टोक त्यात फिरवून पाहावे. दोन-तीन आट्यांनंतर टोक अडकू लागले तर आटे वेगळे आहेत. तिथे पकडीने जोर लावू नये.

इन्सर्ट कोरडाच नळीत सरकवून पाहावा. तो बोटाने ढकलल्यावर आत गेला पाहिजे, पण आत गेल्यावर डगडगता कामा नये. इपॉक्सीसाठी सभोवार ०.१ मिलिमीटरच्या आसपास फट योग्य असते. इन्सर्ट ठोकून बसवावा लागत असेल तर तो बसवूच नये. इन्सर्ट ड्रिलमध्ये धरून पॉलिश पेपरने बारीक करावा. नळी आतून मोठी करण्याचा मोह टाळावा, कारण तिची भिंत आधीच पातळ असते. इन्सर्ट सैल असेल तर त्याभोवती बारीक दोऱ्याचे एकमेकांपासून अंतर ठेवून काही वेढे द्यावेत, म्हणजे तो मधोमध राहतो आणि वेढ्यांमधल्या जागेत गोंद भरतो. जाड गोंदाने सैलपणा भरून काढण्याच्या प्रयत्नात इन्सर्ट हमखास तिरका बसतो.

ॲल्युमिनियम घ्यावे की पितळ, हा प्रश्न वजनाचा आहे. सारख्याच आकाराचा पितळी इन्सर्ट ॲल्युमिनियमच्या इन्सर्टपेक्षा तिपटीहून अधिक जड असतो. फायबरग्लासचा शाफ्ट मुळात जड असतो, त्यामुळे पुढे फार वजन वाढवले की बाण संथ होतो आणि दोरी सुटताना अधिक वाकतो, म्हणजेच असावा त्यापेक्षा मऊ असल्यासारखा वागतो. माझ्या मते जुन्या शाफ्टमध्ये ॲल्युमिनियमचा, शक्यतो लांब इन्सर्ट बसवावा आणि वजनाचा प्रयोग टोकांवर करावा, कारण टोके बदलता यावीत म्हणूनच तर हा सगळा खटाटोप आहे. टोकांची वजने ग्रेनमध्ये दिलेली असतात. एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, त्यामुळे १०० ग्रेनचे टोक साधारण ६.५ ग्रॅमचे आणि १२५ ग्रेनचे ८.१ ग्रॅमचे होते.

पृष्ठभागाची तयारी

नळीत आत जुन्या गोंदाचा थर असेल तर तो आधी काढावा. नळीपेक्षा बारीक लाकडी काडीला उभी चीर द्यावी, तीत २२० नंबरच्या पॉलिश पेपरची पट्टी अडकवून काडीभोवती गुंडाळावी आणि इन्सर्टच्या लांबीपेक्षा थोडे अधिक अंतर आतून घासावे. हेतू चकाकी घालवण्याचा आहे. भिंत खरवडण्याचा नाही. त्यानंतर इन्सर्टही बाहेरून २२० किंवा ३२० नंबरच्या कागदाने आडवातिडवा घासावा. कारखान्यात आटे पाडताना वापरलेले तेल इन्सर्टवर राहिलेले असते. आधी तेल पुसून मग घासावे आणि घासल्यावर पुन्हा पुसावे, नाहीतर घासताना तेच तेल ओरखड्यांत भरले जाते.

पुसण्यासाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल पुरेसे असते. ॲसिटोन अधिक जलद काम करते, परंतु ते शाफ्टवरील जुने रंगीत पट्टे विरघळवते, प्लॅस्टिकचे नॉक खराब करते आणि सहज पेट घेते; ज्या टेबलावर दिवा पेटलेला आहे त्या टेबलावर त्याची बाटली असू नये. कानात घालायच्या कापसाच्या काड्या अल्कोहोलमध्ये भिजवून नळीत फिरवाव्यात आणि काडी स्वच्छ बाहेर येईपर्यंत नव्या काड्या घेत राहावे. मग सर्व भाग दहा-पंधरा मिनिटे वाळू द्यावेत. घासलेल्या ॲल्युमिनियमवर हवेमुळे ऑक्साइडचा थर लगेच वाढू लागतो, म्हणून घासणे आणि चिकटवणे एकाच बैठकीत व्हावे. पुसलेल्या इन्सर्टला त्यानंतर उघडे बोट लावू नये. तो स्वच्छ टोकावर फिरवून बसवला की टोक हीच त्याची मूठ होते.

कोणता गोंद

सायनोअॅक्रिलेट, म्हणजे क्षणात चिकटणारा गोंद, येथे निरुपयोगी ठरतो. तो फट भरत नाही आणि आदळण्याच्या धक्क्याने तडकतो. फुगणारा पॉलियुरेथेन गोंद तर इन्सर्टला हळूहळू बाहेर ढकलतो. उरतात दोन पर्याय, हॉट मेल्ट आणि इपॉक्सी.

हॉट मेल्टचे आकर्षण उघड आहे. जोड काही मिनिटांत तयार होतो आणि पुन्हा गरम केला की सुटतो. ॲल्युमिनियमच्या शाफ्टमध्ये तो उत्तम चालतो, कारण तेथे शाफ्ट आणि इन्सर्ट दोन्ही तापवता येतात. फायबरग्लासमध्ये नळी तापवायची नसते, म्हणून गरम इन्सर्टवरचा गोंद थंड भिंतीला लागताच गोठतो आणि ओला पसरण्याआधीच पकड सोडतो. शिवाय फोमच्या लक्ष्यात बाण घुसताना घर्षणाने टोक तापते, गोंद थोडा मऊ होतो आणि बाण उपसताना टोकासह इन्सर्ट लक्ष्यातच राहतो. तरीही हॉट मेल्टच वापरायचा असेल तर कमी तापमानाला वितळणारी कांडी निवडावी. इन्सर्टला टोक लावून त्या टोकामार्फत इन्सर्ट तापवावा, कांडी त्यावर फिरवून सर्वत्र थर द्यावा आणि इन्सर्ट फिरवत एका दमात आत न्यावा. गोंद करपून धूर येऊ लागला तर तो थर पुसून नव्याने सुरुवात करावी.

जुन्या फायबरग्लाससाठी माझी पसंती हळू घट्ट होणाऱ्या, दोन भागांच्या इपॉक्सीला आहे. पाच मिनिटांत आळणारी इपॉक्सी सोयीची वाटते, पण ती साधारणपणे ओल आणि उष्णता यांपुढे कमी टिकते आणि बारा बाणांचे काम करताना निम्म्यावरच वाटीत घट्ट होते. इपॉक्सीचा जोड कायमचा असतो, असा आक्षेप घेतला जातो, परंतु तो पूर्ण खरा नाही. पुरेशा उष्णतेने इपॉक्सीही मऊ पडते, फक्त काढण्याचे काम अधिक सावधपणे करावे लागते. आणि टोक स्क्रूने निघत असताना इन्सर्ट वारंवार काढण्याचे कारणच उरत नाही.

चिकटवण्याची क्रिया

वर दिलेल्या मापाच्या इन्सर्टभोवतीची ०.१ मिलिमीटरची फट भरायला फक्त ०.०४ मिलिलिटर गोंद लागतो. डझनभर बाणांसाठी अर्धा मिलिलिटर. एवढ्या अल्प प्रमाणात इपॉक्सीचे दोन भाग, म्हणजे रेझिन आणि त्याला घट्ट करणारा हार्डनर, यांचे गुणोत्तर अचूक राखणे शक्य नसते, म्हणून बराचसा वाया जाणार हे मान्य करून तीन-चार मिलिलिटर तरी मिश्रण करावे. गुणोत्तर आकारमानाने दिले आहे की वजनाने, हे डब्यावर नीट वाचावे, कारण दोन्ही भागांची घनता सारखी नसते. हार्डनर जास्त घातला की जोड लवकर किंवा पक्का होतो ही समजूत चुकीची आहे. उलट, न जुळलेला हार्डनर आत राहून जोड चिकट आणि मऊ ठेवतो. नायट्राइलचे हातमोजे घालून, सपाट टाइलवर, कडांचा गोंदही मध्ये ओढत दोन मिनिटे घोटावे. टाइलवर पसरलेले मिश्रण वाटीतल्यापेक्षा उशिरा आळते, कारण त्यात निर्माण होणारी उष्णता पसरून जाते.

टोकाच्या आट्यांवर मेणाचा किंवा पेट्रोलियम जेलीचा अगदी पातळ लेप द्यावा आणि टोक इन्सर्टमध्ये फिरवून बसवावे. लेप फक्त आट्यांवर हवा. तो इन्सर्टच्या बाहेर आला तर आधीची सगळी सफाई फुकट जाते. इन्सर्टचे मागचे भोक आरपार असेल तर मेणाची छोटी गोळी आत दाबून ते बंद करावे, नाहीतर गोंद त्यातून आट्यांत शिरतो.

मग काडीने नळीच्या आत तोंडाजवळच्या एक सेंटिमीटर भागावर गोंदाचा पातळ थर फिरवावा आणि इन्सर्टलाही सर्वत्र पातळ थर द्यावा. फक्त इन्सर्टला लावलेला गोंद आत शिरताना तोंडाशीच निपटून बाहेर येतो आणि आतला भाग कोरडा राहतो. इन्सर्ट टेकवून सावकाश फिरवत आत न्यावा, दोन-तीन पूर्ण फेरे होतील अशा बेताने. मध्येच किंचित मागे ओढून पुन्हा ढकलू नये, त्यामुळे हवेचे बुडबुडे अडकतात. मागचा नॉक पक्का असेल तर आत कोंडलेली हवा थोडा दाब देते. तो दाब फार नसतो, पण ओला इन्सर्ट अर्धा-एक मिलिमीटर बाहेर सरकवण्याइतका असू शकतो, म्हणून कॉलर कडेला टेकल्यावर तो काही क्षण दाबून धरावा आणि थोड्या वेळाने पुन्हा पाहावा. बाहेर आलेला गोंद अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने पुसून घ्यावा. कापड ओथंबलेले असेल तर अल्कोहोल जोडात झिरपते.

लगेच सरळपणा तपासावा. बाण सपाट काचेवर लोळवून टोकाकडे पाहावे. टोक वरखाली होताना दिसले तर इन्सर्ट पाव फेरा फिरवून पुन्हा लोळवावे. पुष्कळदा शाफ्टचा अल्पसा बाक आणि इन्सर्टचा अल्पसा तिरकेपणा एकमेकांना छेद देतात अशी एक स्थिती सापडते. ही दुरुस्ती गोंद ओला असेपर्यंतच करता येते.

बाण टोक खाली ठेवून उभे करावेत. तसे केल्याने शाफ्टचे वजन इन्सर्टला कॉलरपर्यंत दाबून ठेवते आणि गोंद जोडापासून नळीत खोल ओघळत नाही. इपॉक्सीला पूर्ण ताकद यायला निर्मात्याने सांगितलेला वेळ द्यावा. खोलीचे तापमान दहा अंशांनी कमी असले तर हा वेळ ढोबळमानाने दुप्पट होतो, त्यामुळे थंडीत एका दिवसाऐवजी दोन दिवस थांबणे शहाणपणाचे ठरते. जोड लवकर व्हावा म्हणून गरम हवेचा झोत मारणे फायबरग्लासच्या बाबतीत टाळावे. टाइलवर उरलेला गोंद फेकू नये. तो नखाने दाबून पाहिला की जोडाच्या आत काय चालले आहे ते कळते.

तोंडाला बाहेरून आधार

नळीच्या तोंडाला बाहेरून वेढा दिला तर चिरण्याचा धोका बराच कमी होतो. कडेपासून मागे आठ-दहा मिलिमीटर भागावर बारीक, मजबूत दोरा एकमेकांना खेटून गुंडाळावा आणि त्याच इपॉक्सीने भिजवावा. दुसरा उपाय म्हणजे शाफ्टवर घट्ट सरकेल अशा आतल्या व्यासाच्या निकामी ॲल्युमिनियमच्या बाणाचा सुमारे २५ मिलिमीटरचा तुकडा कापून तो तोंडावर चिकटवणे. अशी बाही दिसायला जुन्या बाणाला शोभत नाही, हे खरे. पण ज्या बाणांनी रोज सराव करायचा आहे त्यांना ती अवश्य द्यावी आणि शोभेच्या बाणांना दोऱ्याचा वेढा पुरे.

तोल आणि पहिली चाचणी

गोंद पक्का झाल्यावर टोक काढून पाहावे, आट्यांवरचा मेणाचा अंश पुसावा आणि प्रत्येक बाणाचे वजन करावे. संचातील बाणांत पाच-सात ग्रेनचा फरक असेल तर टोके अदलाबदल करून तो कमी करता येतो. त्यानंतर बाण बोटावर किंवा पट्टीच्या धारेवर आडवा तोलावा. नॉकच्या खाचेपासून शाफ्टच्या पुढच्या कडेपर्यंतची लांबी ७२० मिलिमीटर असून तोलाचा बिंदू खाचेपासून ४३० मिलिमीटरवर आला, तर तो मध्यापासून ७० मिलिमीटर पुढे आहे, म्हणजे लांबीच्या ९.७ टक्के. साधारण ७ ते १५ टक्क्यांच्या दरम्यान बाण स्थिर उडतो. त्याहून कमी भरल्यास जड टोक लावावे.

जोडाची परीक्षा म्हणून टोक पकडीत आणि शाफ्ट हातात धरून सरळ, ठाम ओढ द्यावी. झटका देऊ नये. कॉलर आणि कड यांच्यामध्ये केसाएवढीही फट उघडता कामा नये. पहिले काही बाण मऊ लक्ष्यावर, जवळून आणि हलक्या धनुष्याने सोडावेत आणि प्रत्येक वेळी तोंडाभोवती कापूस फिरवावा. जुने फायबरग्लासचे बाण आजच्या जोरकस कंपाउंड (टोकांना चाके असलेल्या) धनुष्यावर चढवू नयेत. ते ज्या काळात बनले त्या काळची धनुष्ये इतक्या धक्क्याची नव्हती. बाण उपसताना शाफ्ट लक्ष्याच्या अगदी जवळ धरावा आणि सरळ मागे ओढावा. सरावात टोके हळूहळू सैल होतात, म्हणून दर फेरीनंतर ती बोटांनी घट्ट करावीत. ती सारखीच सैल होत असतील तर आट्यांवर थोडे मेण लावावे. आटे धरणारा गोंद लावला तर इन्सर्ट बसवल्याचा उपयोगच संपतो.

इन्सर्ट पुन्हा काढायचा झाल्यास

आटे झिजले किंवा इन्सर्ट वाकला तर तो काढावा लागतो. निकामी पोलादी टोक त्यात घट्ट बसवावे आणि जुने टोक काढताना सांगितलेलाच क्रम पाळावा: आधी उकळते पाणी, मग फडके गुंडाळून थोडी थोडी ज्योत, आणि नॉक निघत असल्यास आतून सळईचे ठोके. इपॉक्सी एका झटक्यात सुटत नाही. गरम करणे, पीळ देऊन पाहणे, थंड होऊ देणे आणि पुन्हा गरम करणे असे चार-पाच फेरे लागू शकतात. शाफ्टचा रंग बदलू लागला किंवा रेझिनचा तिखट वास आला, तर तेथेच थांबून इन्सर्टच्या मागे शाफ्ट कापणे बरे, कारण त्या वासानंतर नळीचा तो भाग पूर्वीसारखा राहिलेला नसतो. इन्सर्ट सुटून आला तर आतला गोंद घासून काढावा, तोंडाभोवती कापूस फिरवून पुन्हा तपासावे, आणि उभी चीर आढळल्यास ती जिथे संपते तिच्या मागे किमान एक सेंटिमीटरवर नवी कड घ्यावी, अर्थात उरलेली लांबी ओढीला पुरत असेल तरच.